पुस्तकांची गाडी, थांबा नऊ

दार लावून घ्या, ऊब बाहेर जाते.
बूट झटका. आल्पो, कुत्रा खालीच राहू दे,
मागच्या खेपेला तो प्रवासवर्णनांच्या फळीकडे बघून
सारखा गुरगुरत होता,
आणि प्रवासवर्णनांत भिण्यासारखं काही नाही.

वीस मिनिटं आहेत आपल्याकडे.
सूर्य गेलाय, आता जानेवारीतच उगवेल.
तोवर पुरेल एवढं मी निवडून आणलंय.

ते जाडजूड नको. ते सगळ्यांनी वाचलंय.
वर रक्ताचा ओघळ, खाली ठळक अक्षरांत
'तुमची झोप उडेल.'
मी झोपले. चांगली घोरले.
जे पुस्तक आधीच किंचाळतं
ते रात्री कुजबुजणार कशानं?

हे बघा, हे बारकं, राखाडी.
लिहिणारी बाई बंदरावर वजनकाट्याची कारकून,
आयुष्यात दुसरं काही लिहिलं नाही तिनं.
एक कुटुंब दर शनिवारी सौना तापवतं,
आणि दर शनिवारी बाकावर
एक टॉवेल जास्तीचा ठेवतं.
एवढंच.
कुणासाठी, ते कुणी विचारत नाही.
साठाव्या पानावर धाकटा मुलगा विचारतो.
सिस्को, तुझी रात्रपाळी असते म्हणून सांगते,
साठावं पान दिवसा वाच.
दिवस कुठाय म्हणतेस?
बरं, मग सगळे दिवे लावून.

ओन्नी, तुला भूत दिसायला हवं.
सोळाव्या वर्षी मलाही हवं होतं.
पण हा मोजणीदार ने घरी.
दलदलीतल्या दोन खांबांमधलं अंतर मोजतो,
रोज एक पाऊल कमी भरतं.
भूत येत नाही रे यात.
अंतर येतं.

आणि आल्पो, तू हसू नकोस.
ते सभ्य मेलेल्यांचं पुस्तक तूच नेलं होतंस ना,
जे दार वाजवतात, पाय पुसतात, कॉफीला नाही म्हणत नाहीत,
फक्त परतीची वाट विसरतात?
तिसऱ्या रात्री सहा किलोमीटर बर्फ तुडवत
माझ्या पायरीवर ठेवून गेलास.
दार न वाजवता.
तेवढी शहाणीव पुस्तकानं दिली म्हणायची.

मागची चिठ्ठी उलटून बघा:
तेहतीस वर्षांत चार शिक्के,
त्यातले दोन माझे, एक हिल्क्काचा.
चौथा पुसट आहे.

हिल्क्का माझ्याआधी ही गाडी चालवायची.
ही सगळी पुस्तकं तिनं माझ्या हातात कोंबली,
एकेक करून, गियर बदलता बदलता.
ग्रंथालयाचा नियम मोडून कडेला पेन्सिलनं लिहायची,
इवल्या, डावीकडे कललेल्या अक्षरांत:
'इथं थांब. पाणी पी.'
भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात,
माझ्यापाठी हिल्क्का होती.
तिच्या सांगण्यावरून मी किती पाणी प्यायले असेन.

सहा वर्षं झाली तिला जाऊन.

आता हे शेवटचं.
सप्टेंबरात आलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं,
पहिलं पान मीच उघडलं, शाईचा वास येत होता.
चौऱ्याण्णवाव्या पानावर, कडेला…

नाही, मी काही म्हणत नाही.
पेन्सिल तिथं दोरीला बांधलेली असते, कुणीही घ्यावी.
छापखान्यातही कुणी खोडकर असू शकतं.
अक्षर डावीकडे कललेलं, असे पुष्कळ लोक असतात.
मी फक्त उठले आणि पाणी प्यायले.

हे कुणाला देऊ?
इतर थांब्यांवर मी दाखवलं नाही.
तिथं पाककृती नेतात, विणकाम नेतात,
भली माणसं आहेत.
तुम्हाला दाखवते, कारण तुम्ही दिवा विझवून
मग परत लावणाऱ्यांपैकी.

पाच मिनिटं उरली. आपसात ठरवा.
मुदत चार आठवडे, उशिराचा दंड मी घेत नाही.
फक्त एवढं करा,
कडेला काही लिहिलंत
तर खाली आपलं नाव टाका.
मला कळायला हवं
कुणाचं कोणतं.